तीन बोटं माया

बॉबिनच्या लग्नाला मी गेले ती मिरवायला नाही, तारीख घ्यायला. निघताना बाईंनी मला दारात थांबवून तीनदा बजावलं होतं, "लग्न काय, लागेलच. तू तेवढी तारीख घेऊन ये. मला कधी नेणार, ते. 'बघू' नको, 'लवकरच' नको. महिना आणि तारीख."

बाई म्हणजे बॉबिनची आई, आणि माझ्या शिवणक्लासच्या बाई. सोळाव्या वर्षी मी त्यांच्याकडे कापड कापायला शिकले, ती आजतागायत त्यांच्याच दुकानात कापतेय. क्लासमध्ये बाई ज्या नावाने हाक मारतील ते नाव जन्माचं चिकटायचं. त्यांची स्वतःची मुलगी दिवसभर भिरभिरायची आणि कामाच्या वेळी नेमकी मशीनखाली लपलेली सापडायची, म्हणून ती बॉबिन. माझी जीभ जरा जास्त चालायची, म्हणून मी कात्री. मला ते नाव आवडतं. जिभेला धार असली की गिऱ्हाईक नीट बोलतं.

सहा वर्षांपूर्वी बॉबिन तिकडे गेली. एका मोठ्या हॉटेलात चादरी, पडदे, नोकरांचे गणवेश शिवायचं काम होतं. दोन वर्षांच्या बोलीवर गेली आणि दोनाची सहा झाली. तेवढ्यात इकडे बाईंचा एक डोळा अधू झाला आणि गुडघ्यांनी संप पुकारला. दुकानामागच्या खोलीत त्या राहतात, माळ्यावर मी. सकाळचा चहा मी करते, संध्याकाळी डोळ्यांत थेंब मी घालते आणि दिवसातून एकदा त्यांच्याशी भांडतेही मीच, कारण भांडायला दुसरं कोणी राहिलेलं नाही. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. तेव्हा हिशेब सरळ आहे. आई बॉबिनची, पण वाट्याला आली माझ्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दुसरीच आहे.

तीन वर्षांपूर्वी बॉबिन फोनवर म्हणाली होती, "आई, पासपोर्ट काढून ठेव. तुला इकडे आणते." बाईंनी आठवड्यात पासपोर्टला अर्ज केला आणि तो हातात यायच्या आत त्याला अस्तर लावलेली, चेनची पिशवीसुद्धा शिवून टाकली. तो पासपोर्ट अजून त्या पिशवीत आहे, कोराकरकरीत. महिन्यातून एकदा काढायचा, फोटोकडे बघून "चोरासारखी दिसतेय" म्हणायचं, परत ठेवायचा.

आता लग्न ठरलं म्हणताना बाई पिशवी घेऊन तयारच बसल्या. तर बॉबिनचा फोन आला, "आईचे कागद वेळेत होत नाहीयेत गं. पण माझ्या बाजूचं कोणीतरी पाहिजेच. कात्री, तू ये." बाईंनी मान डोलावली. माझे कागद तीन आठवड्यांत झाले. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. धडधाकट बाईचे कागद तीन आठवड्यांत होतात आणि म्हाताऱ्या आईचे तीन वर्षांत होत नाहीत, हे कुठल्या कचेरीचं गणित? पण समोर बाई होत्या, म्हणून मी गप्प बसले. आयुष्यात मी फार कमी वेळा गप्प बसलेय आणि प्रत्येक वेळी मला ते महाग पडलंय.

लग्नात घालायचं जाकीट बाईंनी शिवलं. मोतिया रंगाचं रेशीम, आत मऊ सुती अस्तर. बॉबिनने मापं फोनवर सांगितली. बाईंनी ती ऐकली आणि फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "छातीचं माप खोटं सांगतेय. बारीक दिसायचंय तिला." एका डोळ्याने, भिंग धरून, दीड महिना शिवत होत्या. काजं हाताने केली, गळपट्टीची हातशिलाई अशी घातली की टाका शोधून सापडू नये. आणि आत, दोन्ही कुशींना, तीन-तीन बोटं माया ठेवली, म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं जादा कापड. आमच्याकडे दीड बोट ठेवायची रीत आहे. एवढ्या महागाच्या कापडात तीन बोटं म्हणजे शुद्ध उधळपट्टी, असं मी म्हटलंही.

"तू कापड वाचव आणि गिऱ्हाईक घालव," बाई म्हणाल्या. "माया नसलेला कपडा एकदाच बसतो. माणूस काय तेवढंच राहतं का? उद्या अंगाने भरेल, मूलबाळ होईल. सांग तिला, आत आहे म्हणावं, उसवलं की सैल होतं. कापू नको म्हणावं."

जाकीट मी हातातल्या पिशवीतून नेलं. मांडीवरून खाली ठेवलं नाही. बाकी सामान बाईंच्या जुन्या बॅगेत भरलं होतं. पंचवीस वर्षांची ती बॅग विमानतळावर पट्ट्यावरून आली ती एक चाक गमावून. मी ती फरफटत बाहेर आणली, तेवढ्यात बॉबिन धावत आली आणि तिने मला मिठी मारली. अंगाने भरली होती. केस कापले होते. वास वेगळा येत होता. पण रडली मात्र जुन्याच पद्धतीने, नाक वर ओढत. मीही रडले. ते रडणं खरं होतं, हे मला आजही सांगावंसं वाटतं.

नवरदेव लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतो आणि राहतो मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. हे मला एकदम पटलं. माझ्या स्वतःच्या ब्लाउजला कधी सगळे हुक नसतात. उंच, अबोल, कान लाल असलेला माणूस. माझी लंगडी बॅग खांद्यावर टाकून तो एका दमात वर गेला आणि स्वयंपाकघरात पाना-पक्कड काढून तिला नवीन चाक बसवायच्या खटपटीला लागला. वाईट माणूस नव्हता. सगळेच वाईट असते तर बरं झालं असतं, मला भांडायला सोपं गेलं असतं.

थोड्या वेळाने त्याची आई आली. मी तिला मनातल्या मनात विहीणबाई म्हणायला लागले. बुटकी, पांढऱ्या केसांची, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेली. निवृत्त शाळामास्तरीण. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यांत पाणी आणलं आणि आपल्या फोनमध्ये काहीतरी बोलली. त्या फोनला भाषांतर करता येत होतं. आतली बाई सातवीच्या पुस्तकातलं मराठी बोलायची, पण बोलायची. ती म्हणाली, "तुमच्या नुकसानीबद्दल मला अत्यंत वाईट वाटते."

मी बॅगेकडे पाहिलं. म्हटलं, केवढी भली बाई! एका चाकासाठी डोळ्यांत पाणी.

"अहो, त्यात काय एवढं!" मी फोनमध्ये बोलले. "जुनीच होती. पंचवीस वर्षं ओढली, आता तिच्यात काही राहिलं नव्हतं. आज ना उद्या टाकायचीच होती."

फोनने ते विहीणबाईंना सांगितलं. त्यांचे हात माझ्या हातांतून सुटले. मग त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, पुन्हा माझा हात धरला आणि थोपटला, वेड्या माणसाला थोपटतात तसा. बॉबिन शेगडीपाशी उभी होती. तिने चमचा पाडला. मला वाटलं, इकडची माणसं सामानाला फारच जीव लावतात.

दुसऱ्या दिवशी मी बॉबिनला स्वयंपाकघरात गाठलं. "तारीख सांग."

"कसली?"

"बाईंना आणायची. महिना आणि तारीख, असं बजावून पाठवलंय."

ती कपबश्या विसळत होती. विसळलेली बशी पुन्हा विसळली. "लग्न होऊ दे गं. मग बसून बोलू."

"महिना तरी सांग. तारीख मी लावते अंदाजाने. आपल्याला काय, खोट्या तारखा द्यायची सवयच आहे."

"आल्या आल्या चालू झालीस," ती म्हणाली. पण हसली नाही. या विनोदावर आम्ही वीस वर्षं हसत आलोय. गिऱ्हाइकाला मंगळवार सांगायचा आणि शुक्रवारी कापायला घ्यायचं. शिंप्याची तारीख म्हणजे काय, हे तिला मी शिकवायला नको.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी तिला सजवायला बसले. खाली लांब, साधा घागरा होता, इकडेच घेतलेला. वर बाईंचं जाकीट. ते मी आल्या दिवशीच तिच्या हवाली केलं होतं, बाईंचा निरोपही सांगितला होता, आणि ती म्हणाली होती, "इस्त्रीला देते." आता ते तिच्या अंगात असं बसलं होतं, जणू अंगावर धरूनच बेतलंय. मी जरा चक्रावले. बाईंनी सैल ठेवलं होतं. हुक लावताना मी कुशीला हात घातला आणि आतली शिवण उलटून पाहिली. माया नव्हती. शिवण दोन्ही बाजूंनी आत घेऊन, शिवणीला लागून कापून, वर इंटरलॉक मारलेला होता. एक सूतभरसुद्धा जास्त कापड नव्हतं.

"हे काय?" मी म्हटलं.

"अगं, आमच्या हॉटेलातल्या बाईने करून दिलं. ती म्हणाली, आत एवढं जाड कशाला, बाहेर उमटतं."

"निरोप सांगितला होता ना मी? कापू नको म्हणून?"

"लक्षात होतं गं. पण इकडे नाही कोणी उसवत बसत. नाही बसलं तर नवीन घेतात."

दीड महिना भिंग धरून बसलेली ती मान मला आठवली. मी हुक लावले. सगळे लावले, वरचासुद्धा. तो तिला जरा काचत होता, तरी लावला.

लग्न एका नोंदणी कचेरीच्या वरच्या मजल्यावर होतं. लांबट हॉल, सत्तर-ऐंशी खुर्च्या, खिडक्यांतून स्वच्छ ऊन. एका बाजूला नवरदेवाचे काका, मामा, चुलत, मावस आणि त्यांची पोरं. दुसऱ्या बाजूला पहिल्या ओळीत मी. माझ्यामागे हॉटेलातल्या चार-पाच बायका. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि त्या खुर्चीवर बाईंचा फोटो.

तो फोटो मीच काढलेला. बाई मशीनवर बसलेल्या, चष्मा कपाळावर, तोंड उघडं, कारण त्या मला ओरडत होत्या, "काम सोडून फोटो कसले काढतेस गं!" गेल्या वर्षी मी तो बॉबिनला पाठवला होता. इथे तो मोठा करून चांदीच्या चौकटीत बसवला होता. खरं सांगते, माझा सगळा राग गेला. माया कापल्याचा, तारखेचा, सगळा. म्हटलं, पोरीने आईला खुर्ची दिली. बाईंना दाखवायला म्हणून मी लगेच फोन काढला आणि चार-पाच फोटो घेतले.

मग एक मुलगी आली आणि तिने फोटोपुढे पांढरी फुलं ठेवली. दुसरीने मेणबत्ती लावली.

आमच्यात जिवंत माणसाच्या फोटोला फुलं वाहत नाहीत, हे मी कोणाला सांगणार? मला वाटलं, यांच्याकडे असेल काही, मानाचं. तेवढ्यात सगळ्यांना एकेक छापील कार्ड वाटलं. पुढच्या पानावर नवरा-नवरीची नावं. मागच्या पानावर बाईंचा तोच फोटो, बारीक करून. खाली काहीतरी लिहिलेलं. ते मला वाचता येईना. पण त्याच्याखाली दोन सालं होती, आणि मध्ये एक आडवी रेघ. आकडे मला वाचता येतात. पहिलं साल बाईंच्या जन्माचं. दुसरं तीन वर्षांपूर्वीचं.

मी तारीख घ्यायला आले होते. तारीख मिळाली.

त्या साली वारलेल्या बाईंचा तो फोटो मी त्यानंतर दोन वर्षांनी काढला होता. विहीणबाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या, आणि सगळा हॉल उठून उभा राहिला. कोणीतरी काहीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. विहीणबाईंच्या हातातला फोन हळूच पुटपुटला, "ज्या माता आज आपल्यात नाहीत, त्यांच्या स्मरणार्थ." आणि मग 'नुकसान' काय ते माझ्या डोक्यात शिरलं. जुनीच होती. आता तिच्यात काही राहिलं नव्हतं. आज ना उद्या टाकायचीच होती.

त्या घटकेला बाई घरी चांगली साडी नेसून, फोन चार्जिंगला लावून, समोर बसलेल्या असणार. "लग्न लागलं की लगेच दाखवते," असं बॉबिनने त्यांना सांगितलं होतं. आणि इथे सत्तर-ऐंशी माणसं त्यांच्यासाठी एक मिनिट गप्प उभी होती. त्यांच्यात मीही होते. मी, कात्री. मान खाली घालून उभी होते आणि तोंडातून शब्द काढला नाही. काढला असता तरी कोणाला कळला असता?

लग्न लागलं. टाळ्या झाल्या, केक कापला, कोणीतरी गळ्यातली पेटी वाजवायला लागलं. मी बॉबिनला दंडाला धरून कोट टांगायच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. चहूकडे परक्या माणसांचे जाड कोट लटकत होते.

"आईला मारलंस?"

तिने कानांवर हात ठेवले. "हळू बोल."

"का? कोणाला कळतंय?"

"मी नाही मारलं," ती म्हणाली. "चुकून झालं. शप्पथ, चुकून. तीन वर्षं नुसत्या शिवणखोलीत काढलेली, भाषा येत नव्हती. याची आई आम्हा बायकांना भाषा शिकवायला यायची, त्यांनी विचारलं, तुझी आई? मला सांगायचं होतं, इथे नाही. 'इथे' आलंच नाही मला. मी नुसतं म्हटलं, आई नाही. तर त्यांनी मला एकदम पोटाशी धरलं. रडायला लागल्या. कात्री, तोवर इकडे मला कोणी हात लावला नव्हता गं. आजारी पडले तरी कोणी कपाळाला हात लावला नव्हता. मी म्हटलं, आज राहू दे. उद्या सांगू."

"तीन वर्षं उद्या उजाडला नाही?"

"मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मग मला पोरकी म्हणून घरी बोलवायला लागल्या. मग हा भेटला. प्रत्येक दिवशी आणखी अवघड झालं. तू तरी सांगितलं असतंस का?"

मला त्या क्षणी तिची दया आली आणि त्याच क्षणी तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. 'नाही' हा आपला शब्दच नालायक. भाकरी संपली तरी नाही, माणूस मेला तरी नाही, आणि नुसता शेजारच्या खोलीत गेला तरी नाही. पण चूक एका दिवसाची असते. कार्डावर साल छापायला दिलं, ती चूक नव्हती. छापखान्यात कोणीतरी विचारलं असेल, कुठलं साल घालू? आणि हिने विचार करून सांगितलं असेल.

"पासपोर्ट काढ म्हणालीस. तो तिच्या उशाशी आहे."

"तेव्हा खरंच आणणार होते. आता कशी आणू? मेलेल्या माणसाला कोण कागद देतं?"

"आणि मला कशाला बोलावलंस?"

तिने नाक वर ओढलं.

"बोल ना."

"माझ्या बाजूचं कोणीच नाही, असं सगळे म्हणायला लागले होते. आणि..." ती जाकिटाच्या काजात बोट घालून उभी राहिली. "आणि तुला भाषा येत नाही ना."

सगळ्या दुनियेत माझी जीभ माहीत असलेली एकच मैत्रीण, आणि तिने मला मुकी म्हणून निवडलं होतं.

दार उघडलं. विहीणबाई आम्हाला शोधत आल्या होत्या. आमचे रडके चेहरे बघून त्यांचाही चेहरा पडला. त्या आत आल्या, एक हात बॉबिनच्या पाठीवर ठेवला, दुसऱ्याने फोन पुढे केला. काहीतरी बोलल्या. फोन म्हणाला, "मी हे विचारू नये, परंतु ती कधी सांगत नाही. शेवटच्या वेळी तिच्या आईला फार त्रास झाला काय?"

फोन माझ्या तोंडासमोर होता. लाल ठिपका लुकलुकत होता. एक वाक्य पुरलं असतं. 'बाई जिवंत आहेत, आणि तुमच्या फोनची वाट बघतायत.' फोनला ते नीट सांगता आलं असतं, अवघड शब्द त्यात एकही नव्हता. बॉबिन माझ्याकडे बघत होती. वरचा हुक तिच्या गळ्यात रुतला होता आणि तिथे लाल वळ उठला होता. बाहेर तो लाल कानांचा माणूस कोणाला तरी हसून काहीतरी सांगत होता. मी सांगितलं असतं तर काय झालं असतं? हिचं मोडलं असतं. आणि बाईंना कळलं असतं, की आपल्या पोरीने आपल्याला मारलं आणि आपल्यामुळेच तिचं घर मोडलं. मी बघितलं इकडून, बघितलं तिकडून. कुठूनही कापलं तरी कापड बाईंचंच जात होतं.

"त्रास झाला नाही," मी फोनमध्ये म्हणाले. "त्यांना कळलंसुद्धा नाही."

विहीणबाईंनी डोळे मिटले आणि मला मिठी मारली. त्यांच्या खांद्यावरून मी बॉबिनकडे पाहिलं. तिने सुटकेचा श्वास सोडला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्यानंतर मी तिथे दोन दिवस राहिले आणि आमच्यात जेवलीस का, झोपलीस का, यापलीकडे बोलणं झालं नाही. निघताना ती म्हणाली, "आईला जप." मी म्हटलं, "कुठल्या?" आणि गाडीत बसले. बॅगेचं नवीन चाक मात्र झकास फिरत होतं.

परतीच्या वाटेवर मी फोटो पुसायला घेतले. खुर्ची पुसली, चौकट पुसली, फुलं, मेणबत्ती पुसली. कार्ड फाडून विमानतळावरच्या कचऱ्यात टाकलं. राहिलेले नऊ फोटो तीनदा तपासले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई खिडकीपाशी बसल्या. लग्नाच्या दिवशी बॉबिनचा फोन आलाच नव्हता. नंतर आला, दोन मिनिटांचा, गर्दीतून. ती साडी बाईंनी अजून घडी करून आत ठेवली नव्हती. पलंगाच्या कडेला होती.

"तारीख?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"थंडी सरली की," मी म्हणाले. "नवीन घर घेतायत. तिसरा मजला तुम्हाला जमायचा नाही ना. लिफ्टवालं बघतायत. जावयाच्या ओळखी आहेत."

"हं. शिंप्याची तारीख," बाई म्हणाल्या, पण हसल्या. "विहीणबाई कशा आहेत? माझं विचारलं?"

"विचारलं. फार विचारलं. तुमच्याबद्दल बोलताना डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या." यातला एकही शब्द खोटा नव्हता.

"आता दाखव."

मी फोन दिला. त्यांनी भिंग घेतलं आणि एकेक फोटो बघायला लागल्या. माणसं त्या बघतच नव्हत्या. जाकीट बघत होत्या. गळपट्टी नीट पडलीय का, बाहीला चूण येते का, काजं उघडी पडतायत का. "मुंढा छान बसलाय," म्हणाल्या. जावई बघितला, "कान केवढे लाल याचे!" म्हणाल्या. सातवा फोटो सगळ्यांचा होता. नवरा-नवरी मधे, मागे काका-मामा. भिंग बॉबिनवरून फिरलं, तिच्या कुशीपाशी जरा थांबलं, मग तसंच सरकत डाव्या कोपऱ्यात गेलं. आणि तिथे राहिलं.

मी वाकून पाहिलं. कोणाच्या तरी कोपरामागे चांदीची चौकट होती. नखाएवढी. चष्मा कपाळावर असलेला चेहरा, आणि खाली काहीतरी पांढरं. तीनदा तपासूनही ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. दोन चांगले डोळे असून.

"ही मीच ना?" बाई म्हणाल्या.

"हो. तुम्हाला पहिल्या ओळीत खुर्ची दिली होती. तुम्ही नव्हतात ना तिथे, म्हणून."

"फुलं आहेत."

"मानाला ठेवतात त्यांच्यात."

बाईंनी भिंग हलवलं नाही. बाहेर कोणी गिऱ्हाईक हाक मारत होतं, "आहे का कोणी आत?" मी उठले नाही. शेवटी त्यांनी फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

"कुशीला ताण दिसतोय जाकिटाच्या," त्या म्हणाल्या. "मी तर सैल ठेवलं होतं. माया आहे ना आत?"

आल्यापासून मी त्यांना ज्या ज्या गोष्टी सांगितल्या होत्या त्यात आणखी एक घालणं काही कठीण नव्हतं. 'आहे, तशीच आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण या बाईने मला कापायला शिकवलंय. शिवणीबद्दल मी तिच्याशी खोटं बोलू शकत नाही.

"कापली," मी म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. भिंग पदराने पुसलं, पेटीत ठेवलं. मग उशीखाली हात घालून ती चेनची पिशवी काढली, आतला पासपोर्ट न बघताच बाहेर ओढून पलंगावर ठेवला, आणि रिकामी पिशवी माझ्यापुढे धरली.

"अस्तर चांगलं आहे याचं," म्हणाल्या. "उसवून घे. कामाला येईल."